दुसऱ्याच्या पाठीवरचा डबा

नीळकंठरावांच्या टेकडी मंडळात स्वतःचा डबा स्वतःच्या पाठीवर न्यायचा नाही, असा नियम होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे मंडळ काढलं. पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की माणसं चढाला लागायच्या आधीच जेवून घेतात आणि मग ज्याला जसं वाटेल तसं चालतात. कोणी फार पुढे, कोणी फार मागे. एकजण तर परस्पर कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून घरी निघून गेला होता. मग त्यांनी जोड्या लावल्या. तुमचा डबा आणि पाण्याची बाटली जोडीदाराच्या पाठीवर, त्याची तुमच्या पाठीवर. तहान लागली की आधी जोडीदार शोधावा लागे, त्यामुळे कोणी कोणाला सोडून जात नसे. माथ्यावर डबे ज्याचे त्याला मिळत. रिकामे झाले की पुन्हा वाहणाऱ्याकडे जात. त्याने ते घरी नेऊन घासायचे आणि आठवड्याभरात परत करायचे. परत करताना डबा रिकामा द्यायचा नसतो, हे कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

वैदेहीची जोडीदार अश्लेषा. वैदेही कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. अश्लेषाची भिगवण रस्त्याला रक्त तपासायची लॅब होती. मंडळात येण्याआधी दोघी एकमेकींना फक्त नावाने ओळखत. आता दर महिन्याच्या टेकडीनंतरच्या बुधवारी अश्लेषा लॅब बंद करून वैदेहीचा घासलेला डबा घेऊन येई. त्यात कधी सांजा, कधी नुसत्या भाजलेल्या शेंगा. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ती बराच वेळ बोले, आणि वैदेही कणीक मळत ऐके. वैदेहीचा नवरा नोकरीसाठी नाशिकला, मुलगी शिकायला बाहेर. एरवी त्या घरात कुकरच्या शिट्टीपेक्षा मोठा आवाज होत नसे. त्या बुधवारी वैदेही दुसरं कुठलंच काम ठेवत नसे. हे तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं. अश्लेषालाही नाही.

डिसेंबरातल्या रविवारी ती बारामती स्टेशनवर पोचली तेव्हा अश्लेषा आधीच आली होती आणि तिच्याबरोबर एक नवी बाई होती.

"ही प्रगती. पणदऱ्याची," अश्लेषा म्हणाली. "हिच्या सासूबाईंच्या शुगरच्या निमित्ताने लॅबमध्ये यायची. म्हटलं, चल आमच्याबरोबर."

प्रगती तिशीतली होती. शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आणि काकडी लावून पुण्याच्या बाजारात पाठवायची. गळ्याभोवती केशरी ओढणी घट्ट गुंडाळलेली. पायातले पांढरे बूट नणंदेचे आहेत, हे तिने आल्या आल्या स्वतःच सांगून टाकलं.

"वाटंत गळून पडले तर मला टाकून जाऊ नका, मॅडम," ती वैदेहीला म्हणाली. "आशूताईंनी लई सांगितलंय तुमच्याबद्दल."

आशू. अश्लेषाला घरी आशू म्हणतात, हे वैदेहीला तिच्या आईच्या तोंडून कळलं होतं. इतक्या वर्षांत तिने स्वतः ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. कोणी दिल्याशिवाय घ्यायचं नाव नव्हे ते, असं तिला वाटे. आणि ही बाई ते तीळगुळासारखं तोंडात घोळवत होती. शिवाय अश्लेषा ताई, आणि आपण मॅडम.

नीळकंठराव माणसं मोजत आले. "झाली का पंचाईत! सात जण. मी आणि ही एक जोडी, स्वानंद-मिहिर दुसरी. उरल्या तिघी."

"जोड्या लावताना तुम्ही आधी स्वतःचं बघून घेता," त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणाल्या.

"तुझा डबा दुसरं कोण उचलणार? पाटा-वरवंट्यासकट आणतेस." नीळकंठरावांनी तिघींकडे पाहिलं. "तुम्ही साखळी करा. हिचं तिच्याकडे, तिचं हिच्याकडे. गोल पुरा झाला म्हणजे झालं."

वैदेही अश्लेषाच्या हाताकडे पाहत होती. तो हात आपल्या पिशवीकडे येईल, असं तिने गृहीत धरलं होतं. तो प्रगतीच्या पिशवीकडे गेला.

"आण, तुझं मी घेते. पहिल्यांदाच आली आहेस."

"मग तुझं मी," वैदेही घाईने म्हणाली.

उरली वैदेहीची पिशवी. ती प्रगतीने उचलून खांद्याला लावली. "काय घातलंय मॅडम यात, पुस्तकं का?" म्हणून हसली. वैदेहीने मनात गोल मांडून पाहिला. अश्लेषाचा डबा माझ्याकडे, प्रगतीचा अश्लेषाकडे, माझा प्रगतीकडे. म्हणजे चालून झाल्यावर डबा परत द्यायला अश्लेषा पणदऱ्याला जाणार. माझ्याकडे येणार ती प्रगती.

डेमू गाडीत गर्दी नव्हती. शिरसाई स्टेशनवर ते सात जण आणि दुधाचा रिकामा कॅन घेतलेला एक म्हातारा, एवढेच उतरले. गाडी दौंडकडे निघून गेल्यावर रुळांच्या पलीकडे माळ मोकळा झाला. टेकडी तशी बुटकी. हळूहळू चढत जाणारा गवताळ उतार, दोन ठिकाणी जरा उभा चढ, मग सपाट माथा आणि पलीकडे कटफळ स्टेशन. दुपारची गाडी तिथे धरायची आणि घरी यायचं. गवत वाळून पिवळं पडलं होतं. कुसळं पायमोज्यांत शिरून टोचत होती.

वैदेही अश्लेषाच्या मागे चालत होती. नेहमीसारखीच, फक्त मधे प्रगती होती.

"ते बघा, ते बघा आशूताई! हरीण."

"चिंकारा," वैदेही म्हणाली.

"आमी हरीणच म्हणतो. मक्यात शिरलं की दुसरं बी काय काय म्हणतो."

अश्लेषा हसली. मान मागे टाकून, दम लागेपर्यंत. वैदेहीने तिला असं हसताना पाहिलं होतं, पण आपल्यामुळे नाही. आपल्या बोलण्यावर ती मान हलवायची, "खरं आहे" म्हणायची. तोपर्यंत तेवढं पुरेसं वाटत होतं.

पुढे प्रगती म्हणाली, "बुधवारी निरवांगीला चला. माझ्या मावशीच्या रानात हुरडा हाय. चारला लॅब बंद करा, मी गाडी घेऊन येते."

"या बुधवारी?"

वैदेहीचं पाऊल आपोआप हळू झालं.

"चालेल की," अश्लेषा म्हणाली. "बुधवारी तसं काही नसतं मला."

ते वाक्य अगदी सहज म्हटलेलं होतं. वैदेहीने ते उलटसुलट करून पाहिलं. त्यात राग नव्हता, टाळणं नव्हतं, काही लपवलेलं नव्हतं. काही असतं तर बरं झालं असतं.

उभा चढ सुरू झाला तशी ती दोघींना ओलांडून पुढे गेली.

"अगं, हळू," अश्लेषा मागून म्हणाली.

"पुढे थांबते," वैदेही म्हणाली, आणि थांबली नाही.

तिचा हिशेब साधा होता. चढाच्या वळणावर एक हिवराचं झाड होतं. तिथे दर वेळी अश्लेषाचा घसा कोरडा पडे. ती झाडाला टेके आणि न बघता हात मागे करी. वैदेही त्या हातात बाटली ठेवी. आज तो हात रिकामा राहणार होता. पाणी वैदेहीच्या पाठीवर होतं, म्हणजे तिला वर यावं लागणार होतं. लवकर, आणि वैदेहीकडे.

माथ्यावर बाकीचे चौघे आधीच बसले होते. डबे उघडले होते. सरोजिनीबाईंनी खरंच दगडी खलात ठेचा आणला होता.

"हे काय, एकटीच?" नीळकंठराव म्हणाले. "साखळीतल्या बाकीच्या कड्या कुठायत?"

"येतायत. अश्लेषाचं पाणी माझ्याकडे आहे. लांब राहणार नाही ती."

"आणि तुझं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"प्रगतीकडे."

"मग अडकलीयस तूच की गं! ये, भाकरी घे आमच्यातली."

"नको. येतीलच इतक्यात."

त्या आल्या नाहीत. वैदेही कडेला जाऊन उभी राहिली. खाली वळणावर हिवराच्या सावलीत केशरी ओढणी दिसत होती. दोघी बसल्या होत्या. अश्लेषाने हात पुढे केला, प्रगतीने त्यात काहीतरी ठेवलं, आणि अश्लेषाची मान मागे गेली. पाणी. वैदेहीचा हिशेब तिथे मोडला. खाली दोन बाटल्या होत्या, प्रगतीची आणि वैदेहीची स्वतःची. त्या दोघींना वर यायची काही गरज नव्हती. तिने साखळी आपल्यापासून पुढे मोजली होती. मागून मोजलीच नव्हती.

मग त्या खाऊ लागल्या. एवढ्या लांबून डबा कोणाचा ते कळत नव्हतं. वैदेहीने सकाळी लवकर उठून धपाटे केले होते. अश्लेषाला मिरची सोसत नाही म्हणून मिरची कमी घातली होती, कारण माथ्यावर निम्मे ती खायची. ती आपलेच धपाटे खात असेल तर? एक क्षण वैदेहीला बरं वाटलं. मग आठवलं, की ते तिला प्रगतीच्या हातून मिळत असतील.

स्वानंदने दुर्बीण काढली. पलीकडच्या उतारावर चिंकाऱ्यांचा कळप होता, म्हणून चौघेही तिकडे गेले. वैदेही दगडावर एकटी राहिली. आधी ती अश्लेषाच्या बाटलीतलं पाणी प्यायली. ते नियमाविरुद्ध होतं, पण तहान खरी होती. मग तिने डबा उघडला. त्याला कारण नव्हतं.

वरच्या खणात पोळ्या आणि वांग्याची भाजी. भूक असूनही तिने तिला हात लावला नाही. ती खालचा खण पाहत होती. थंडीच्या टेकडीला अश्लेषा आल्याच्या वड्या आणायची, एका लहानशा स्टीलच्या डबीत, फक्त वैदेहीसाठी. वर पोचल्यावर "हे तुझं" म्हणून हातात द्यायची. आज ती डबी नसेल, असं वैदेहीने मनाशी जवळजवळ ठरवलं होतं, आणि त्याची तयारीही केली होती.

खाली दोन डब्या होत्या.

एकाच मापाच्या, एकाच घडणीच्या, अंगाला अंग लावून ठेवलेल्या. एकीला रबरबँड लावलेलं होतं. झाकण सैल असेल. डबी नसती तर ती विसरली असं म्हणता आलं असतं. पण इथे काही विसरलेलं नव्हतं. इथे बसून, विचार करून, सारखं वाटलेलं होतं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला एक आणि सासूची शुगर तपासायला आलेल्या बाईला एक.

तिने रबरबँड काढून बोटात अडकवलं आणि पहिली डबी संपवली. मग दुसरी उघडली. ती वड्या भराभर तोंडात टाकत होती, चावून गिळत होती, आणि कान पलीकडच्या उताराकडे लावून होती. दोन्ही डब्या रिकाम्या झाल्यावर तिने झाकणं लावली, डबा बंद केला, आणि ओंजळभर पाण्याने हात धुतले.

थोड्या वेळाने दोघी वर आल्या. प्रगती लंगडत होती. तिच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता आणि तो केशरी ओढणीने पावलाला बांधला होता.

"बोलले व्हते का न्हाय!" ती लांबूनच ओरडली. "नणंदेचं बूट, नणंदेसारखंच निघालं. ऐन चढावर सोडून गेलं."

अश्लेषाचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. "हाका मारल्या मी तुला," ती वैदेहीला म्हणाली. "दोनदा."

"ऐकू नाही आलं."

हे खरं होतं. वैदेहीला ते खरं आहे याचा दिलासा वाटला नाही.

प्रगतीने खांद्यावरची पिशवी उतरवून तिच्यापुढे धरली. "घ्या मॅडम. लई तहानला असाल. आमी माझ्याच बाटलीवर भागवलं, आन् माझीच भाकरी खाल्ली थोडी. तुमच्याला हात लावला न्हाय. रीतच हाय ना तशी?"

बाटली काठोकाठ भरलेली होती. धपाट्यांच्या डब्याचं झाकण सकाळी लावलं होतं तसंच होतं.

"खा ना तुम्ही," वैदेही म्हणाली. "मला भूक नाही."

दोघी खायला बसल्या. प्रगतीने धपाट्याचा तुकडा मोडला. "चव हाय मॅडम, पण मिरची महाग झाली व्हय?" मग अश्लेषाला कोपर मारून म्हणाली, "ताई, आता दाखवा की. वर गेल्यावर गंमत हाय म्हणाला व्हता."

अश्लेषाने आपला डबा ओढून घेतला. वरचा खण काढला. खालची एक डबी उचलली, आणि उचलताच तिचा हात थांबला. वजनावरूनच कळलं असावं. तिने दुसरीही उचलून पाहिली. मग वर पाहिलं, सरळ वैदेहीकडे. वैदेहीला नजर हलवता आली नाही.

"अगं, घरीच राहिली गंमत," अश्लेषा प्रगतीला म्हणाली. "ओट्यावर. रिकाम्याच डब्या भरल्या मी गडबडीत."

"ऱ्हाऊ द्या. आमच्यात बी असंच होतं. एकदा मी बाजाराला काकडी सोडून नुसते क्रेट पाठवले."

वैदेहीला लाज वाटली. पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी ऊब देत वर आलं. ती खोटं बोलली. माझ्यासाठी, प्रगतीशी. आता त्या दोघींमध्ये अशी एक गोष्ट होती जी प्रगतीला माहीत नव्हती, कधी कळणार नव्हती. उरलेली वाट वैदेही अगदी हलक्या पायांनी उतरली. एका घसरणीवर तिने प्रगतीला हातही दिला.

कटफळ स्टेशनच्या बाकावर अश्लेषा तिच्या शेजारी येऊन बसली. प्रगती फलाटाच्या टोकाला स्वानंद-मिहिरना बुटाची चिरफाड दाखवत होती.

"कशा झाल्या होत्या वड्या?" अश्लेषाने विचारलं.

"चांगल्या."

"कुठली चांगली?"

वैदेहीने तिच्याकडे पाहिलं.

"रबरबँडवाली तुझी होती. आलं दुप्पट, साखर निम्मी, तुला लागते तशी. दुसरी गोड. काल दोनदा पाक केला मी." अश्लेषाचा आवाज शांत होता. "दूध नासायला लागलंय हे तू नुसत्या वासावरून सांगतेस. तुला फरक कळला नाही?"

वैदेहीने आठवायचा प्रयत्न केला. तिला डबीची धार आठवली, घाई आठवली. जिभेवर दोन्हींचं काहीच उरलेलं नव्हतं. दोन डब्या सारख्या आहेत हे तिने बाहेरून पाहूनच नक्की केलं होतं. एवढी मोठी चूक तिने कुठल्या विद्यार्थ्याला माफ केली नसती.

"डबा दे," अश्लेषा म्हणाली.

"मी घासून आणते ना."

"नको. माझा मी घासते."

तिने डबा स्वतःच्या पिशवीत टाकला आणि चेन ओढली. तेवढ्यात लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला आणि प्रगती लंगडत आली. तिच्या हातात वैदेहीचा डबा होता.

"मॅडम, हा मी नेते हां. परत कधी आणू? बुधवारी आमी न्हाय."

"बुधवारीच आण," वैदेही म्हणाली. शब्द तिच्या आधीच बाहेर पडले होते. "मला बुधवारीच जमतं."

प्रगती गोंधळली. मग तिचा चेहरा उजळला. "मग तुमीच चला की निरवांगीला! डबा तितंच देते, हुरडा भरून."

"बुधवारी मला काम असतं."

"कसलं काम?" अश्लेषाने विचारलं. ती उभी राहिली होती. "बुधवारी तर घरीच असतेस."

गाडी वळणावर दिसू लागली. नीळकंठराव सगळ्यांना मागे सरकायला सांगत होते. वैदेहीला उत्तर माहीत होतं आणि त्याहून चांगलं दुसरं उत्तर सापडत नव्हतं.

"तू येतेस," ती म्हणाली. "तेच काम."

प्रगतीने डबा छातीशी धरला आणि एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "तर मग... गुरवारी ठेवू या का हुरडा? मावशी काय, कवाबी भाजील."

"नाही," अश्लेषा म्हणाली. "बुधवारीच जाऊ. ठरलंय ना." ती वैदेहीकडे वळली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. "इतकी वर्षं येतेय मी. एकदा तरी म्हणायचंस, की वाट बघतेस. मला वाटायचं, मीच तुझा वेळ खाते."

गाडी थांबली. गाडीचा डबा अर्धा रिकामा होता. अश्लेषाने खिडकीची जागा घेतली, शेजारी प्रगती बसली आणि बांधलेला पाय समोरच्या बाकावर पसरला. त्या पायाशेजारी एक जागा मोकळी होती. प्रगतीने तीवर हात थापटून वैदेहीला बोलावलंही. अश्लेषा बाहेर पाहत होती.

वैदेही दारातच उभी राहिली. दांड्याला धरलेल्या हाताच्या बोटात रबरबँड तसंच होतं. तिने हात तोंडाजवळ नेला. त्याला आल्याचा वास येत होता, चांगला झणझणीत. बारामती येईपर्यंत ती तिथेच उभी होती.